चर्चच्या दारात ओळीने लावलेले बूट

माझ्या दोन्ही बाळांनो,

तुम्ही आता बाळं राहिला नाहीत, हे मला ठाऊक आहे. एकीला कॉलेजात प्रवेश मिळालाय आणि दुसऱ्याला मिशा फुटायला लागल्यात, असं तुमची आई फोनवर सांगते. तरी मायना बदलायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

हे आत्ताच का लिहायला बसले, ते आधी सांगते. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईने तुम्हाला माझ्या बेल्जियमच्या शिक्षणाची गोष्ट सांगितली. मी इकडे नगरला, सावेडीत, खुर्चीत बसून ऐकत होते. माझा आवाज कुठलंतरी बटण लागून बंद झाला होता आणि तो मला चालू करता येईना. तिने तुम्हाला सांगितलं की आजीची चप्पल युरोपात चोरीला गेली, आजी चर्चच्या पायरीवर रडत बसली आणि शेवटी पोलिसांनी तिला घरी आणून सोडलं. यातलं एकही वाक्य खरं नाही. चप्पल नव्हती, बूट होते. ते चोरीला गेले नाहीत. मी रडले नाही. पोलीस कुठून आले, ते तिलाच विचारा. शिवाय थोरली पुढच्या वर्षी सहा महिने युरोपात शिकायला जाणार आहे आणि तिचा ‘आजी, काही टिप्स?’ असा मेसेज येऊन पडलाय. त्याचं हे उत्तर. मेसेजमध्ये मावत नाही.

कुणाचंही नाव लिहिणार नाही. सगळे जिवंत आहेत आणि एकजात भांडखोर आहेत. तिकडच्या गावांचीही नावं लिहीत नाही, कारण लिहिली तर तुमचे आजोबा मोबाईलवर नकाशा उघडून बसतील आणि जेवण गार होईल.

तर, शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घर आवरायला घेतलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. काही वर्षांत आवरायला काही उरलंच नाही. मसाल्याच्या डब्यांवर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही चिठ्ठ्या लागल्या. आजोबांचे मोजे रंगाप्रमाणे लागले. त्यांच्या औषधांना वारांप्रमाणे कप्पे झाले. एक दिवस ते म्हणाले, “बाई, मला लेबल लावायच्या आत तुम्ही कुठंतरी जा बघू.” सगळं गाव मला ‘बाई’ म्हणायचं, म्हणून तेही चिडवायला ‘बाई’ म्हणतात.

मी ते मनावर घेतलं. बेल्जियममधल्या एका विद्यापीठात युरोपच्या इतिहासाचा एका सत्राचा अभ्यासक्रम होता. इंग्रजीतून, आणि वयाची अट नाही. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी आणि इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांती तर इतक्या वेळा शिकवली की त्या राणीपेक्षा मला जास्त कंटाळा आला असेल. पण युरोप बघितला नव्हता. परदेश म्हणजे तुमच्याकडे दोनदा येऊन गेले होते, पण तिथे तुमच्या आईने मला मॉलशिवाय काही दाखवलं नाही.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, “काकू, या वयात परीक्षा? आणि नापास झालात तर?”

“तर परत बसेन.”

तुमची आई फोनवर म्हणाली, “आई, तिथे थंडी असते गं.”

“इथे उन्हाळ्यात ऊन असतं. तरी राहतेच ना?”

आजोबांना मात्र मनापासून आनंद झाला. “चार-पाच महिने रिमोट माझ्या हातात,” एवढंच ते बोलले. विमानतळावर त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते रिमोटच्या आनंदाने, असं ते आजही सांगतात.

वर्गात इतरही बरेच होते, पण माझी गाठ पडली ती पाच जणांशी, कारण आम्ही एकाच हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर राहायचो आणि आमचं स्वयंपाकघर एक होतं. पहिली पोलंडची मुलगी. जीभ कातरीसारखी, केस त्याहून आखूड. दुसरा ब्राझीलचा मुलगा, दारातून वाकून यायचा इतका उंच आणि कुठेही उशिरा पोचणारा. तिसरी कोरियाची मुलगी. ती फारसं बोलायची नाही, पण सगळ्याचे फोटो काढायची, अगदी माझ्या वरणाचेसुद्धा. आणि इटलीची एक जोडी, ज्यांना एकमेकांशिवाय जगात काही प्रेक्षणीय वाटत नसे. सगळे विशी-बाविशीतले. माझ्याशी फार अदबीने वागायचे. मी आत आले की गाणं बंद करायचे, मला खुर्ची द्यायचे, मला ‘मॅडम’ म्हणायचे. मला ते मुळीच आवडायचं नाही. पस्तीस वर्षं मी ज्या खोलीत शिरले तिथे शांतता पसरली. आता तरी गोंगाटात बसायला मिळेल म्हणून एवढे पैसे खर्चून गेले होते.

दर शुक्रवारी कँटीनमध्ये शनिवार-रविवारच्या सहलीचे बेत ठरायचे. कालव्यांचं गाव, लेसचं गाव, चॉकलेटचं गाव, सीमेपलीकडे जर्मनीतलं मोठं चर्च. हे सगळं माझ्या समोर, माझ्या सुपाच्या वाटीच्या वरून ठरायचं. आणि शेवटी ब्राझीलचा माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणायचा, “मॅडम, तुम्ही मस्त विश्रांती घ्या.”

विश्रांती मला सावेडीतही मिळत होती, आणि तीही स्वतःच्या पलंगावर. मला एवढंच हवं होतं की या पाचांपैकी कुणीतरी मला ‘येतेस का’ असं विचारावं. हे वाचून तुम्ही हसाल. हसा. पण थोरले, तू तिथे गेलीस की पहिल्याच शुक्रवारी तुला कळेल की परदेशात सगळ्यात अवघड विषय हाच असतो, आणि तो कुठल्याही अभ्यासक्रमात नसतो.

तीन आठवडे वाट बघितली. कुणी विचारलं नाही. मग एका रविवारी पाचही जण तोंडं पाडून परत आले. ब्राझीलच्याला जाग आली नाही, गाडी चुकली, पुढची गाडी उलट दिशेची पकडली, आणि ज्या राजवाड्यासाठी गेले तो बंद व्हायच्या वेळी पोचले. मी पातेलं घासत होते. मागे न वळता म्हटलं, “मी पस्तीस वर्षं शाळेच्या सहली काढल्या आहेत. एकदाही गाडी चुकली नाही. एकही मूल हरवलं नाही. एक हरवलं होतं, पण ते मुख्याध्यापकांचं होतं आणि ते आम्हाला सापडूनही लगेच नको होतं.”

अशी मी सहलीत शिरले. दाराने नव्हे, खिडकीने.

आता आपली नगरची शाळेची सहल कशी असते, हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. पहाटे, अंधार असताना शाळेच्या पटांगणावर जमायचं. हजेरी. एसटीत बसल्यावर पुन्हा हजेरी. अकोले तालुक्यातल्या घाटात पोरं ओकायला लागली की पिशव्या वाटायच्या आणि गाणी म्हणायला लावायची. भंडारदऱ्याला उतरलं की शिट्टी, जोड्या करून रांग, धरण बघून झालं की शिट्टी, डबे उघडायचे, शिट्टी, डबे बंद. संध्याकाळपर्यंत जितकं दिसेल तितकं सगळं बघून टाकायचं, कारण पुन्हा कोण येतंय!

मी तीच पद्धत बेल्जियमला लावली. शिट्टी मी नेलीच होती. ती माझ्या पर्समध्ये कायम असते. स्टेशनवर सहाला हजर. फलाटावर हजेरी. मी आदल्या दिवशी सगळं वाचून ठेवलेलं असायचं, कुठे तिकीट आहे, कुठे बॅग आत नेत नाहीत, कुठे फोटो चालत नाहीत. डब्यात गुळाच्या दशम्या आणि लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी, जी मी नगरहून कापडी पिशवीत शिवून नेली होती. पहिल्या शनिवारी दुपारच्या आत आम्ही दोन चर्च, एक किल्ला, एक संग्रहालय आणि एक पवनचक्की उरकली. इटलीच्या जोडीला तर मी हात सोडायला लावले, कारण त्यामुळे रांग रुंद होत होती.

“ही सुट्टी आहे की लष्करातली भरती?” पोलंडची म्हणाली.

“सुट्टीच आहे. चला, घंटाघर राहिलंय.”

गाड्या चुकायच्या थांबल्या. दर आठवड्याला मला बोलावणं येऊ लागलं. मी खुशीत होते. आजोबांना फोनवर सांगितलं, “माझ्याशिवाय पान हलत नाही इथे.” ते म्हणाले, “बिचारी पोरं.”

त्यांना ते नगरहून दिसलं आणि मला तिथे बसून दिसलं नाही. एका शनिवारी परतीच्या गाडीत मी डोळे मिटून बसले होते. त्यांना वाटलं मला झोप लागली आहे. ब्राझीलचा हळूच म्हणाला, “हिला आधी हॉस्टेलवर पोचवू. मग नदीवर जाऊन बसू.”

पोलंडची म्हणाली, “पाय तुटले माझे. पण जाऊ. निदान तिथे हजेरी नसेल.”

मी डोळे उघडले नाहीत. पण गाडीतल्या त्या वेळात सगळा हिशेब कळला. मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं, आणि मी हजारो मैल जाऊन पुन्हा बाईच झाले होते. त्यांची खरी सहल मी खोलीत गेल्यावर सुरू व्हायची. शिकवायला मला कुणी बोलावलं नव्हतं आणि पगारही मिळत नव्हता, तरी मी फुकट तास घेत होते. यावर उपाय काय, ते मात्र मला सुचेना. शिट्टी वाजवणं सोडून मला दुसरं येतंच काय?

पुढची सहल रविवारची होती. नोव्हेंबर. एक अगदी लहानसं खेडं. तिथे प्रेक्षणीय म्हणून एक चर्च आणि एक बंद बेकरी. चर्चच्या भिंतीवर फार जुनं चित्र आहे, असं वर्गात सरांनी सांगितलं होतं, म्हणून मी ते निवडलं होतं. पाचही जण माझ्यामागे टेकडी चढून आले.

याआधी मी पुष्कळ चर्च बघितली होती. पण ती मोठी होती, तिथे तिकिटं होती, गर्दी होती, आत भेटवस्तूंचं दुकान होतं. तिथे आपण देवाच्या घरात आलोय असं मनातच येत नसे. हे चर्च वेगळं होतं. दारातूनच आत दोन-चार म्हाताऱ्या दिसल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, पुढे मेणबत्त्या. मला एकदम आपल्याकडच्या खेड्यातलं चर्च आठवलं. माझी एक ख्रिस्ती मैत्रीण होती, तिच्याबरोबर मी नाताळात जायचे. तिथे सगळे चपला बाहेर काढतात आणि सतरंजीवर बसतात. माझा हात आपोआप बुटाच्या नाडीकडे गेला. विचारबिचार काही केला नाही. तुम्हीही इथे आलात की आजोबांच्या देवघरासमोर बूट काढताच ना?

दाराशी एका बाकाजवळ काही पिशव्या रांगेत ठेवल्या होत्या, तोंडं बांधलेल्या. मला वाटलं, आत बसलेल्यांचं सामान असेल. काय शिस्तीचे लोक, म्हटलं. त्या रांगेला लागून मी माझे बूट ठेवले आणि वळून बघते तर पाचही जण वाकून नाड्या सोडतायत! एकानेही विचारलं नाही की का. मी नियम वाचून येते, तेव्हा इथला हाच नियम असणार, असं त्यांना वाटलं. मला वाटलं, चला, या पोरांना बरं वळण आहे.

पण त्यांनी बूट टाकले होते कसे! एक इकडे, एक तिकडे. ते काही मला बघवलं नाही. मी सगळे जोड एकत्र केले, टाचा भिंतीला लावल्या, नाड्या आत खोचल्या. ब्राझीलच्याचे बूट चिखलाने भरले होते, ते माझ्याजवळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर छान गाठ मारली. मग आम्ही आत गेलो.

फरशी बर्फासारखी होती. म्हाताऱ्यांनी प्रार्थना थांबवून आमच्या मोज्यांकडे बघितलं. ब्राझीलच्याचा अंगठा बाहेर आला होता. इटलीच्या जोडीने मोजे वाटून घेतले होते, तिचा एक लाल एक निळा, त्याचाही एक लाल एक निळा. आणि ज्या चित्रासाठी आलो त्यात एक गुडघा आणि अर्धं गाढव एवढंच शिल्लक होतं. आम्ही ते बराच वेळ बघितलं, कारण दुसरं बघायला काही नव्हतं. कोरियाच्या मुलीने त्याचा फोटो काढला.

बाहेर आलो तर बाकाजवळची जागा रिकामी. पिशव्या नाहीत, बूट नाहीत. नुसती झाडल्यासारखी स्वच्छ फरशी.

चर्चमधल्या एक आजीबाई आमच्यामागून आल्या. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण हातवारे उत्तम होते. त्या रविवारी सकाळच्या मोठ्या प्रार्थनेनंतर गरजूंसाठी जुने कपडे आणि बूट गोळा करत होते. गाडी आत्ताच येऊन सगळं घेऊन गेली. कुठे गेली? लांब. सोमवारी उघडतील. मग त्या कौतुकाने म्हणाल्या, “ते बूट तुमचे का? किती नीट लावले होते! ड्रायव्हर म्हणत होता, लोक कधी जोड एकत्र ठेवत नाहीत. एक तर पिशवीत बांधूनही ठेवला होता!”

नेमका तेव्हाच तुमच्या आईचा फोन आला.

“आई, कुठे आहेस?”

“चर्चमध्ये.”

“आवाज असा का येतोय?”

“थंडी वाजतेय गं. बूट गेले माझे.”

“गेले म्हणजे? चोरीला?”

“नाही, दान झाले.”

“आई, तू रडतेस का?”

“नाक गळतंय,” मी म्हटलं, आणि रेंज गेली. तुमच्या आईने पुढची सगळी गोष्ट या एवढ्या बोलण्यावरून रचली आहे. पोलीस तिने स्वतःच्या पदरचे घातले.

फोन ठेवला तर पाचही जण माझ्याकडे बघत होते. रविवार, त्यामुळे दुकानं बंद. पोलंडच्या मुलीचे बूट नवे होते, तिच्या आईने हिवाळ्यासाठी पाठवलेले. ती मोज्यांवर उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

“आता काय हुकूम, जनरल?” ती म्हणाली.

ब्राझीलच्याने तिला कोपर मारलं. इटलीची दोघं आभाळाकडे बघायला लागली. तेव्हा मला कळलं की पाठीमागे माझं नाव ‘जनरल’ आहे. खरं सांगते, बुटांपेक्षा त्या नावाने जास्त गार वाटलं. म्हटलं, संपलं. आता खिडकीनेही बाहेर.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

सहलीत हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. सहलीच्या बाईंना माहीत नाही, असं कधी होत नसतं. भंडारदऱ्याला एसटी बंद पडली तरी बाईंना माहीत असतं. मी दाराच्या पायरीवर बसले आणि पाय पदरात... पदर नव्हता, शालीत गुंडाळून घेतले.

“माझे मी सवयीने काढले,” मी म्हटलं. “पण तुम्ही का काढलेत?”

ब्राझीलचा म्हणाला, “आम्हाला वाटलं, तुम्ही वाचून आला असाल.”

“काहीही वाचलं नव्हतं. पण विचारायचं तरी!”

“विचारायचं?” पोलंडची म्हणाली. “तुला? तू शिट्टी वाजवली असतीस तर मी विजारसुद्धा काढून ओळीत ठेवली असती.”

आधी इटलीची मुलगी हसली. मग ब्राझीलचा. मग कोरियाची, जी तोवर मोठ्याने हसलेली मी ऐकलीच नव्हती. तिचं हसणं अगदी उचकीसारखं आहे. आणि मग मी. आजीबाई आम्हाला गप्प करायला आल्या आणि आमचे मोजे बघून त्याही हसू लागल्या. आत प्रार्थना चालू होती, हे आम्ही सगळे विसरलो. देव विसरला नसेल, पण त्याने मनावर घेतलं नसावं, कारण आजीबाईंना आठवलं की गाडीत न मावलेली एक पेटी आत कपाटात पडली आहे.

त्या पेटीतून आमची पादत्राणं निघाली. पोलंडच्या मुलीला हिरवे गमबूट. कोरियाच्या मुलीला साहेबलोकांचे काळे चकचकीत बूट, ज्यांत तिचे दोन्ही पाय एकात मावले असते. इटलीच्या दोघांना एकसारख्या लाकडी खडावा, त्यामुळे ती दोघं खूश. ब्राझीलच्याला अस्वलाचं तोंड असलेल्या केसाळ सपाता, टाचा बाहेर. आणि मला फुटबॉलचे बूट, खाली खुंट्या असलेले, भडक पिवळे. बसले मात्र असे की मापाने शिवल्यासारखे.

टेकडी उतरताना माझ्या पायांचा घोडागाडीसारखा आवाज येत होता. अर्थातच गाडी चुकली. माझी पहिली चुकलेली गाडी! पुढची दोन तासांनी. फलाटावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आम्ही बाकावर ओळीने... ओळीने नव्हे, कसेही बसलो. मी डबा उघडला. ब्राझीलच्याने पाठपिशवीत हात घातला, माझ्याकडे बघून थांबला, आणि नववीतल्या मुलासारखा लाल झाला. आत बिअरचे डबे होते. प्रत्येक सहलीत असायचे, मला खोलीवर सोडल्यानंतरसाठी.

“एक इकडे दे,” मी म्हटलं.

हे वाक्य तुमच्या आजोबांनी दोनदा वाचू नये. चव कशी होती म्हणाल, तर काढा गार करून त्यात सोडा घातल्यासारखी. पण शेंगदाण्याच्या चटणीबरोबर बरी लागते. पोलंडची मुलगी बोटाने चटणी चाटत म्हणाली, “हे काय आहे? याला आग लागलीय.”

“लसूण आहे. दाणे आहेत. नगरचं आहे.”

“आणि आजवर आम्ही हे उभ्याने, शिट्टीच्या आत संपवत होतो?”

तिने उठून गमबुटात माझी नक्कल करून दाखवली. मान वर, पर्स काखेत, “चला, चला, घंटाघर राहिलंय!” हुबेहूब. मग मी आमच्या सरांची नक्कल केली, जी मी नगरला आजोबांना फोनवर करून दाखवायचे. त्यांना ठाऊकच नव्हतं की मला नकला येतात. ठाऊक असणार कसं? शिट्टी तोंडात असताना नक्कल करता येत नाही.

गाडीत तिकीट तपासनीस आला. त्याने आमची तिकिटं बघण्याआधी आमचे पाय बघितले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि काहीही न विचारता निघून गेला.

सोमवारी फोनाफोनी केली. चार जोड परत मिळाले. माझे आणि पोलंडच्या मुलीचे कुणाच्यातरी पायांत जाऊन पोचले होते. मी तिला नवे घेऊन देते म्हटलं, तर म्हणाली, “नको. माझ्या आईला मी सांगितलंय की ते एका आजीने दान केले. ती फार भारावलीय. आता बिघडवू नकोस.”

पुढचा शुक्रवार मला परीक्षेपेक्षा जड गेला. मी ठरवलं होतं की आज आपण तोंड उघडायचं नाही. गाडीची वेळ सांगायची नाही, काय बघण्यासारखं आहे ते सांगायचं नाही. मी नसताना त्यांचं अडत नाही, हे आता त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सूप ढवळत बसले. बेत समुद्रावर जाण्याचा चालला होता. ब्राझीलच्याने गाडीची वेळ चुकीची सांगितली. मी जीभ चावली. सूप गार झालं.

“मग, येतेस ना?” पोलंडची माझ्याकडे न बघताच म्हणाली. “शिट्टी आणायची नाही. चटणी जास्त आण.”

टेबलाखाली माझा मोबाईल वाजला. तिने मला एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. सहलींचा ग्रुप मी काढलेला होताच. हा दुसरा होता, पहिल्या सहलीच्याच दिवशी निघालेला. त्याचं नाव ‘जनरलशिवाय’. रात्री... नाही, जेवायच्या टेबलावरच मी तिचा मोबाईल मागून घेऊन जुने मेसेज पहिल्यापासून वाचून काढले. स्वतःबद्दल इतकं मनोरंजक मी कधी वाचलं नव्हतं. ब्राझीलचा म्हणाला, नाव बदलून टाकतो. मी म्हटलं, अजिबात नाही.

समुद्रावर आम्ही काहीही बघितलं नाही. वाळूत बसलो. वारा होता, आणि इटलीची दोघं कशावरून तरी भांडली, तेवढाच कार्यक्रम. गाडी चुकली. मीही तिथे होते आणि मला गाडीची खरी वेळ माहीत होती.

परीक्षेत पास झाले. शेजारच्या वहिनींना पहिल्याच दिवशी कुंपणावरून गुणपत्रिका दाखवली.

गेल्या हिवाळ्यात पोलंडची आणि ब्राझीलचा नगरला आले होते, हे तुम्हाला माहीत आहे. आजोबांबरोबरचा फोटो तुम्ही बघितलाय. पुण्याहून येताना ते केडगावला उतरले आणि मी त्यांना घ्यायला गेले. आल्या दिवशी एका दर्ग्यात गेलो, मग एका देवळात, मग बुद्धविहारात. सगळीकडे बूट बाहेर. पोलंडच्या मुलीने दर्ग्याच्या दारातच दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि जोड गळ्यात अडकवला. दिवसभर तशीच फिरली. रिक्षावाले काका आरशातून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “म्याडम, ह्या पाव्हनीनं बूट गळ्यात का घातल्यात? नवस हाय का काय?”

मी तिला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना सांग, हिच्याबरोबर चर्चला गेले होते एकदा.”

मी सांगितलं. काकांना काही कळलं नाही, पण त्यांनी रिक्षा फार जपून चालवली.

त्या सहलींचं आता काय उरलंय, ते सांगून थांबते. शिट्टी आजोबांकडे आहे. फाटकाशी कुत्री आली की ते वाजवतात. ‘जनरलशिवाय’ हा ग्रुप चालू आहे, आम्ही सहाही जण त्यात आहोत. पिवळे फुटबॉलचे बूट मागच्या दाराशी आहेत, टाचा भिंतीला लावून. बागेत चिखल झाला की मी तेच घालते.